गुडघा दुखतो म्हणून सोडलेली फुगडी

चवथीला गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घरी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीसमोर फुगड्या सुरू झाल्या की मी चहा टाकायला आत पळायचे. विचारलं तर गुडघा दुखतो. गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी फुगडीत उडी मारताना लघवी झाली. साडी गडद रंगाची होती म्हणून निभावलं, पण त्या दिवसापासून गुडघा दुखायला लागला.

मी ४६ वर्षांची, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. दोन बाळंतपणं झाली, त्यातलं पहिलं चिमटा लावून. शिंकले, खोकले, वर्गात पोरांच्या उत्तरावर मोठ्याने हसले की थोडीशी व्हायचीच. म्हणून घरातून निघताना जायचं, शाळेत पोचल्यावर जायचं, प्रत्येक सुट्टीत जायचं, आणि पाणी दुपारपर्यंत घोटभरच प्यायचं. सासूबाई म्हणाल्या, "हें सगळ्यांकच जाता गो." एका डॉक्टरांनी लघवी तपासून जंतू नाहीत, वयाचं आहे, पॅड वापरा, असं सांगितलं. वापरले. ते आणायला मात्र गावातलं दुकान सोडून म्हापशाला जायचे.

मग मोबाइलवर लघवी धरणारे स्नायू आवळायचा केगलचा व्यायाम सापडला. मला ते एखाद्या आसनाचं नाव वाटलं होतं. आर्नोल्ड केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांनी १९४८ साली या व्यायामावर लिहिलं, हे नंतर कळलं. चार महिने नेमाने केला. फरक पडला नाहीच, उलट संध्याकाळी खाली जड वाटायला लागलं. अंग बाहेर येतंय की काय, या भीतीने शेवटी पणजीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी खोकायला लावून तपासलं, अंग अगदी थोडं उतरलंय, ऑपरेशनची गरज नाही म्हणाल्या आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

तिने आधी तीन दिवसांची वही करायला सांगितली. किती प्यायलं, किती वाजता लघवी झाली, किती मिली. मापाचा प्लास्टिकचा जुना मग होता, तो न्हाणीघरात ठेवला आणि कुणी चुकून स्वयंपाकघरात नेऊ नये म्हणून त्याला लाल चिकटपट्टी लावली. दिवसाला १४ वेळा, बहुतेक वेळा १०० मिलीच्या आसपास. वही बघून ती म्हणाली, "बाई, लघवीची पिशवी ३००-४०० मिली सहज धरते. तुम्ही तिला शंभरावरच रिकामं व्हायची सवय लावलीत."

मग माझी परवानगी विचारून तिने हातमोजा घातला आणि आतून तपासलं. आवळा म्हणाली. मी सगळा जोर लावला. "तुम्ही खाली ढकलताय." चार महिने मी व्यायाम म्हणून चक्क कुंथत होते!

तिने माझी ओढणी घेतली. एक टोक मला धरायला दिलं, दुसरं स्वतः धरलं. म्हणाली, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची अशी झोळी आहे, मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते, बद्धकोष्ठाने आणि जुनाट खोकल्याने आणखी. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवळतो तसं आवळायचं आणि आत वर ओढायचं. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. मला तीन सेकंदांपलीकडे धरता येईना.

तिथूनच सुरुवात. तीन सेकंद धरायचं, तेवढंच पूर्ण सैल सोडायचं, असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं, कारण काही बायकांचे हे स्नायू सतत आखडलेले असतात, त्यांना दुखतं, आणि त्यांनी आवळत बसलं तर दुखणं वाढतं. लघवीची धार मध्येच अडवून बघायचा सल्ला मी कुठेतरी वाचला होता, तो रोजचा व्यायाम म्हणून करू नका म्हणाली, पिशवी नीट रिकामी होत नाही. कुंथावं लागू नये म्हणून कमोडवर पायाखाली पाट आला. पाणी वाढवलं, उगाच जाऊन यायची सवय मोडायची होती. ती मोडणं व्यायामापेक्षा कठीण गेलं.

दुपारचा व्यायाम विसरायचे, म्हणून तो हजेरीला बांधला. पोरं 'हजर बाई' म्हणायची, मी इकडे मोजत असायचे.

दीड महिना काही नाही. सोडून देणार होते, पण किमान तीन महिने करा, असं तिने बजावलं होतं. आठव्या आठवड्यात फळा पुसताना खडूची धूळ नाकात गेली. शिंक येण्याआधी आवळायचं, हे तिने शिकवलं होतंच. आवळलं, शिंकले. कोरडी! पोरं बघत होती, नाहीतर तिथेच नाचले असते.

आता सात महिने झाले. पॅड फक्त लांबच्या प्रवासाला. बस पकडायला धावले तर अजून कधीतरी थेंब पडतो. यंदा चवथीला दोन फुगड्या घातल्या, तिसरीला थांबले आणि घाम पुसत सोप्यावर जाऊन बसले. नणंद तिथे आधीपासून बसलेली. तिचा म्हणे गुडघा दुखतो. मी तिला विचारलं, पॅड म्हापशाच्या कोणत्या दुकानातून आणतेस?