पडवीतली ग्रामसभा

आज वेंगुर्ल्याच्या उन्हाळी शिबिरात नववी-दहावीच्या मुलांनी ग्रामसभा भरवली. सभा सरावाची, पण गणपूर्तीचा, म्हणजे सभेला किमान किती जण हजर हवेत याचा, नियम खरा सांगितला: १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. विषय पाण्याचा. मे महिना, विहिरींनी तळ गाठलेला.

एक मुलगी उठली. बोटांना अजून फणसाचा चीक. वहीत बघून तिने सरपंच झालेल्या मुलाला विचारलं, "मागच्या ठरावाचा काय झाला, ता आधी सांगा."

अख्खी पडवी गप्प. तो बिचारा इतिवृत्ताची पानं चाळत राहिला.

तिला मतदानाचा हक्क मिळायला अजून तीन वर्षं आहेत! आणि मी? कितीतरी ग्रामसभांना नुसती सही करून घरी आलोय. आमच्या वाडीच्या नळाचा ठराव कुठे अडकलाय, हे येत्या सभेत मी उभा राहून विचारणार आहे.