२०० ओहमचा घोळ

वानखेडेवरच्या त्या सामन्याला मराठी समालोचनाची खोली माझ्याकडे होती. समालोचकांचे हेडसेट आधीच लागले होते: एका कानात प्रक्षेपणाचा आवाज, दुसऱ्यात डायरेक्टर, आणि टॉकबॅकचं बटण दाबलं की माइक हवेवरून तुटून थेट ओबी व्हॅनला, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीला. अडलं ते पार्टीलाइनवर, म्हणजे आम्ही पडद्यामागची माणसं जिच्यावर एकमेकांशी बोलतो त्या लाइनवर.

"मॅडम, समोरचं काही ऐकूच येत नाहीये," आकडेवारी सांभाळणारा मुलगा म्हणाला. हेडसेट बदलून दिला, तरी तेच. बेल्टपॅकचा, म्हणजे हेडसेट जोडायच्या कमरेवरच्या डबीचा, आवाजाचा नॉब पूर्ण फिरवला, तर टेबलावर पडलेल्या दुसऱ्या हेडसेटने शिट्टी धरली. टॉस जवळ आला होता. निर्माते दारात येऊन म्हणाले, "नवीन सामान आणायला लॅमिंग्टन रोडला माणूस पाठवू का?"

मी नको म्हटलं. कारण त्या मुलाने मघाशी आणखी एक गोष्ट सांगितली होती: "माझाच आवाज मला फार मोठा येतोय." आणि अशी तक्रार करणारा तो एकटा नव्हता.

या लाइनमध्ये तीन पिनांच्या एकाच एक्सएलआर केबलमधून सगळं जातं. पहिली पिन अर्थ, दुसरीवर साधारण ३० व्होल्ट, तिसरीवर सगळ्यांचं बोलणं. आवाजासाठी लाइनवर एकाच ठिकाणी २०० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे लाइनला लावलेला रोध, हवं. आपलं बोलणं आपल्याच कानात फार येऊ नये म्हणून बेल्टपॅक ते वजा करतो, तेही हा आकडा धरूनच. दोन टर्मिनेशन लागली की २०० चे १०० होतात. समोरच्याचा आवाज निम्म्यावर येतो, वजाबाकी बिघडून स्वतःचा वाढतो. मग माणूस नॉब वाढवतो, कानातला आवाज माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. सगळी लक्षणं जुळत होती.

वरच्या रॅकमधल्या स्टेशनचं, म्हणजे लाइन चालवणाऱ्या मुख्य यंत्राचं, टर्मिनेशन चालू होतं, ते तसंच हवं. खाली सीमारेषेपाशी भाड्याने आलेलं दुसरं स्टेशन याच लाइनला जोडलेलं होतं. तिथल्या दादांना फोन केला. "मागचा खटका बघा ना, टर्मिनेशन चालू आहे का?" चालू होतं.

पण लगेच बंद करू दिलं नाही. आधी एकेकाला हाक मारून नॉब खाली आणायला लावले. पूर्ण वाढवलेल्या हेडसेटमध्ये आवाज अचानक दुप्पट झाला असता, तर त्या पोरांच्या कानांचं काय झालं असतं? टॉसपेक्षा मला त्याची काळजी जास्त होती. सगळ्यांचे होकार आल्यावरच म्हटलं, "दादा, आता बंद करा."

डायरेक्टरांचा आवाज एकदम स्पष्ट आला. मुलाने मान वर केली, "आता माझा आवाज नाही येत मोठा!" टॉसचे आकडे त्याने याच लाइनवरून दिले.

संध्याकाळी भाडेवाल्यांना फोन करून सांगितलं, दुसरं स्टेशन पाठवताना खटका बंद करून त्यावर पांढरी टेप लावा. ते हो म्हणाले. पुढच्या खेपेला सामान उतरलं की मी आधी तो खटकाच बघणार आहे.