शर्यत पुढे ढकलताना : रेस कमिटीतील माझा अनुभव

फॉइलवर धावणाऱ्या अतिवेगवान शिडाच्या नौकांच्या एका स्पर्धेत रेस कमिटीवर सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे होती आणि त्या स्पर्धेचा पहिलाच दिवस खवळलेल्या समुद्रामुळे पुढे ढकलावा लागला. शर्यत पुढे ढकलणे म्हणजे एक झेंडा वर चढवणे, असे किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटते. त्या झेंड्याच्या आधी आणि नंतर किती काम असते, कशाकशाची मोजदाद करावी लागते आणि कोणाकोणाशी बोलावे लागते, हे त्या दिवसांत मला जवळून पाहता आले.

मुळात या नौकांचा प्रश्न साध्या शिडाच्या नौकेपेक्षा वेगळा आहे. वेग आला की पाण्याखालचे पंख, म्हणजे फॉइल, संपूर्ण नौका उचलून धरतात आणि तिचा तळ पाण्याबाहेर येतो. त्यामुळेच सेलजीपी या आंतरराष्ट्रीय शर्यतमालिकेतील एफ-५० जातीच्या नौका ताशी सुमारे १०० किलोमीटरपर्यंत पोहोचतात. मात्र हे उचलणे फॉइल पाण्यात बुडलेले असेपर्यंतच टिकते. दोन उंच लाटांमधल्या खळग्यात फॉइल उघडे पडले, त्यावर हवा ओढली गेली, की आधार एका क्षणात नाहीसा होतो, नौकेचे नाक पाण्यात घुसते आणि डेकवरची माणसे पुढे फेकली जातात. वारा मर्यादेत असूनही हे घडू शकते. म्हणून केवळ वाऱ्याच्या वेगाच्या आकड्यावर निर्णय घेता येत नाही, ही गोष्ट आमच्या मुख्य रेस ऑफिसरांनी पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर स्पष्ट केली होती.

आदल्या संध्याकाळी हवामानतज्ज्ञाने आमच्यासमोर अंदाज मांडला, तेव्हा त्यात लाटांची उंची दीड मीटर आणि आवर्तनकाळ, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ, पाच सेकंद दिला होता. दीड मीटर ऐकून कोणाला फारसे काही वाटत नाही. पण हवामानाच्या अंदाजातील ही उंची म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, आणि काही तासांच्या अवधीत एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. त्याहून महत्त्वाचा आकडा आवर्तनकाळाचा असतो. खोल पाण्यात दहा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर भरते, तर पाच सेकंदांच्या लाटेची जेमतेम ३९ मीटर. उंची तीच, पण ती चौथ्या हिश्शाइतक्या अंतरात चढायची आणि उतरायची असते. त्यात दुपारी ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वाहणार होता, आणि अशा वेळी लाटा आणखी उभ्या व आखूड होतात. हवामानतज्ज्ञाने हे सांगितल्यावर शर्यतीची वेळ तासाभराने अलीकडे आणण्याचाही विचार झाला. तथापि नौका क्रेनने पाण्यात उतरवण्याचे काम तेवढ्या वेळात उरकले नसते.

सकाळी मी सेफ्टी बोटीच्या चालकाबरोबर आणि पाणबुड्यांबरोबर शर्यतीच्या क्षेत्रात गेलो. नौका उलटली तर पाणबुड्यांना घेऊन तिच्यापाशी लवकरात लवकर पोहोचणे हे त्या बोटीचे काम असते, कारण शिडाखाली किंवा जाळीखाली अडकलेल्या माणसाजवळच्या छोट्या नळकांड्यातील हवा फार वेळ पुरत नाही. चालकाने ठरलेल्या वेगाने बोट लाटांवर घातली आणि थोड्याच वेळात वेग निम्म्यावर आणावा लागला. बोट लाटेच्या माथ्यावरून सुटून आपटत होती, पाणबुड्यांना दोन्ही हातांनी धरून बसावे लागत होते, आणि पाठीवर टाकी बांधून उडी मारण्याच्या स्थितीत कोणीही राहू शकत नव्हते. माझ्या मनातील प्रश्नाचे उत्तर मला तिथेच मिळाले. नौका आणि तिचे खलाशी कदाचित ती लाट सोसू शकले असते. परंतु त्यांच्यामागे वेळेत पोहोचण्याची खात्री आम्ही देऊ शकत नव्हतो. शर्यतीची खरी मर्यादा बचावपथकाच्या क्षमतेवर ठरते, हे माझे मत त्या सकाळी पक्के झाले. शिवाय वळणाच्या खुणेचा एक बोया नांगरासकट जागेवरून सरकलेला दिसला, तेही मी नोंदवले.

परतल्यावर संघप्रतिनिधींची बैठक झाली आणि ती सोपी नव्हती. काही संघ ठामपणे शर्यतीच्या बाजूने होते. शर्यतीत उतरायचे की नाही याची जबाबदारी सर्वस्वी नौकेची असते, असे नौकाशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील तिसरा नियम सांगतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. पण त्याच नियमावलीने सुरुवातीच्या संकेतापूर्वी कोणत्याही कारणास्तव शर्यत पुढे ढकलण्याचा अधिकार रेस कमिटीला दिलेला आहे, आणि सर्व संघ एकमेकांवर नजर ठेवून असताना माघार घेण्याचे ओझे एकट्या सुकाणूधारकावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ९ मे २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सरावादरम्यान आर्टेमिस संघाची नौका उलटून मोडली आणि ऑलिंपिक सुवर्णपदकविजेता अँड्र्यू सिम्पसन तिच्याखाली अडकून मरण पावला. त्यानंतर अमेरिकाज कप या नामांकित नौकास्पर्धेसाठी वाऱ्याच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या. बैठकीत एका ज्येष्ठ खलाशाने या घटनेची आठवण करून दिली आणि त्यानंतर चर्चा ‘शर्यत घ्यावी का’ यावरून ‘किती वेळ थांबावे’ याकडे वळली.

निर्णय जाहीर करण्याची पद्धत ठरलेली असते. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा एपी झेंडा दोन ध्वनिसंकेतांसह चढवला की सुरू न झालेल्या शर्यती पुढे ढकलल्या गेल्या असा अर्थ होतो. समुद्रावर तो उतरवल्यानंतर एका मिनिटाने शर्यतीच्या सुरुवातीआधीचा इशाऱ्याचा संकेत देतात, म्हणजे नौकांनी जवळच सज्ज राहायचे असते. एपीखाली एच झेंडा असेल तर पुढचे संकेत किनाऱ्यावर मिळतात, आणि एपीखाली ए असेल तर त्या दिवशी आणखी शर्यत नसते. नौका अजून धक्क्यालाच असल्यामुळे आम्ही किनाऱ्यावरच एपी चढवला आणि पुढची सूचना नेमकी किती वाजता देणार हे सोबत जाहीर केले. ही वेळ पाळणे मला फार मोलाचे वाटते. ‘थोड्या वेळाने सांगतो’ असे म्हटले की खलाशी ना नीट जेवतात, ना विश्रांती घेतात, आणि शेवटी समुद्रावर उतरतात तेव्हा थकलेले असतात.

दुपारनंतर वारा उतरला, ऊन पडले आणि शर्यतीच्या थेट प्रक्षेपणाच्या वेळेची काळजी असणाऱ्यांचे आर्जव वाढले. परंतु वारा थांबला म्हणून लाट लगेच बसत नाही. पुन्हा सेफ्टी बोट बाहेर काढली, पुन्हा तीच चाचणी घेतली, आणि बोटीला आवश्यक वेग धरता येत नाही हे दिसल्यावर मुख्य रेस ऑफिसरांनी एपीखाली ए चढवण्याचा आदेश दिला. त्या वेळी मला २०२२ च्या रूट द्यू ऱ्हम या सागरी शर्यतीची आठवण झाली. फ्रान्समधील सॅं-मालो येथून ६ नोव्हेंबरला सुटणाऱ्या, एकट्याने नौका हाकणाऱ्या १३८ खलाशांच्या त्या शर्यतीची सुरुवात अटलांटिकमधील वादळी हवामानामुळे ९ नोव्हेंबरवर नेण्यात आली होती. त्या तुलनेत आमचा व्याप लहान होता, आणि वेळापत्रकात राखीव दिवस मुद्दाम ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी वारा जमिनीकडून वाहू लागला. किनाऱ्यालगत लाटांना वाढायला अंतरच मिळाले नाही, म्हणून शर्यतीचे क्षेत्र आत सरकवून मार्ग आखूड केला. चाचणीत सेफ्टी बोटीने ठरलेला वेग विनासायास धरला, पाणबुड्यांनी होकार दिला, आणि एपी उतरला.

स्पर्धेनंतर माझ्या अहवालात मी एक सूचना केली : शर्यतीच्या लेखी सूचनांमध्ये वाऱ्याच्या मर्यादेबरोबरच लाटेची उंची, आवर्तनकाळ आणि सेफ्टी बोटीची चाचणी यांचाही समावेश असावा. संघप्रतिनिधींनी ती मान्य केली आणि चाचणीच्या वेळी प्रत्येक संघाचा एक निरीक्षक बोटीत असावा, अशी भर त्यांनी स्वतःहून घातली.