दिवेआगर ते रत्नागिरी: सागरी रस्ता, तीन खाड्या आणि आम्ही दोघी

कोकणात जायचं म्हटलं की बहुतेक जण मुंबई-गोवा हायवे धरतात आणि जिथे जायचंय तिथे समुद्राकडे वळतात. पण समुद्राला धरून जाणारा एक वेगळाच रस्ता आहे, वर रेवसपासून खाली रेडीपर्यंत. सागरी महामार्ग म्हणतात त्याला. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांनी ज्याचा फार ध्यास घेतला होता तोच हा. महामार्ग नावाला, बऱ्याच ठिकाणी समोरून एसटी आली की आपण गाडी कडेला घ्यायची एवढीच रुंदी, आणि मध्येमध्ये तो चक्क संपतो कारण पुढे खाडी असते. काही खाड्यांवर पूल आहेत, बाकीच्या ठिकाणी फेरीबोटीत गाडी चढवायची आणि पलीकडे उतरायचं. आम्ही त्यातला दिवेआगर ते रत्नागिरी हा तुकडा केला आणि माझ्या मते महाराष्ट्रात गाडी चालवायला याच्याइतका सुंदर रस्ता दुसरा नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण. ती मूळची चिपळूणची, आजोळ हेदवीला, वडील गुहागर डेपोत एसटीचे ड्रायव्हर. इतकी वर्षं कोकणात राहूनही तिने हा रस्ता सलग कधी केला नव्हता, कारण कोकणातला माणूस कामाशिवाय खाडी ओलांडत नाही असं तीच म्हणते. काका, म्हणजे तिचे वडील, गेल्या वर्षी पावसाळ्यात गेले. रिटायर झाल्यावर हा सगळा किनारा स्वतःच्या गाडीने करायचं त्यांच्या मनात होतं, ते राहिलं. त्यामुळे यावेळी भाऊबीज उरकली तशी ती मला म्हणाली, चल, आपण जाऊ, आणि स्टिअरिंग जास्त वेळ माझ्याकडे राहील. मी लगेच हो म्हटलं.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. ताम्हिणीबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी काही लिहीत नाही, फक्त घाट उतरताना ती गिअर बदलायची ते बघत होते. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायचा नाही, आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यायचाच द्यायचा. सगळं काकांचं शिकवलेलं. तिच्या शेजारी बसून घाटात मला एकदाही भीती वाटली नाही.

दिवेआगरला ज्या काकूंच्या घरी उतरलो त्यांची सुपारीची वाडी आहे. आहे म्हणजे आता परत उभी राहतेय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथेच, या श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात येऊन धडकलं आणि एका दुपारीत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावली की हाताला यायला सात-आठ वर्षं जातात, नारळाचंही तसंच, म्हणजे वादळ त्या दिवशीचं असलं तरी नुकसान इतकी वर्षं चालूच आहे. काकूंनी वाडी फिरवून दाखवली तेव्हा जुनी उंच झाडं अगदी मोजकी आणि त्यांच्यामध्ये कमरेएवढी, डोक्याएवढी नवीन रोपं, वरून ऊन सरळ जमिनीवर पडलेलं. पूर्वी इथे भर दुपारी दिवा लावावासा वाटायचा म्हणाल्या. तक्रार नव्हती बोलण्यात, पाण्याच्या पाटातला कचरा पायाने बाजूला करत करत सांगत होत्या. कोकणात फिरायला जाणाऱ्यांनी अशा घरगुती ठिकाणीच उतरावं असं मला मनापासून वाटतं, तुमचे पैसे थेट त्या रोपांना जातात.

दिवेआगरहून श्रीवर्धनला जायला आतून जवळचा रस्ता आहे, तो अजिबात घेऊ नका. शेखाडीवरून जा. आरवी, कोंडिवली, शेखाडी या गावांवरून जाणारा तो रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जेमतेम जागा उरलीय तिथून काढलाय. डावीकडे डोंगराचा कातळ, उजवीकडे लगेच खाली दगड आणि दगडांवर फुटणारं पाणी. वळणावळणाने रस्ता वर चढतो, खाली येतो, आणि प्रत्येक वळणानंतर एक नवीन छोटी पुळण (वाळूचा किनारा) दिसते जिच्यावर कोणीही नसतं. आम्ही सकाळी लवकर निघालो होतो म्हणून ऊन डोंगराच्या मागे होतं, रस्ता सावलीत आणि समुद्र लख्ख उजेडात. एसी बंद, काचा खाली, गाणी पण बंद केली तिने. वीसच्या वर स्पीड नव्हता आमचा. एका ठिकाणी रस्त्याच्या अर्ध्या भागात भात वाळत घातलेलं आणि एक आजोबा पायांनी ते परतत चाललेले, आमच्यासाठी थांबले, मग हाताने खूण केली, या सावकाश. शेखाडीला होड्या वर ओढून ठेवलेल्या, जाळी विणणारे दोघं-तिघं, बाकी शांत. हा पट्टा तासाभरात होतो पण आम्हाला अख्खी सकाळ लागली आणि परत करायला सांगितला तर आत्ता उठून जाईन.

श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव, बाळाजी विश्वनाथ भट इथले. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध, अंगणाअंगणात वाळत टाकलेली दिसते. हरिहरेश्वरला दर्शन घेतलं, प्रदक्षिणेच्या वाटेला भरती असल्यामुळे गेलो नाही, आणि बागमांडल्याच्या जेट्टीवर पोचलो.

इथे सावित्री नदी समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी. बोट नसेल तर आंबेतच्या पुलावरून मोठा वळसा. बोट नुकतीच सुटली होती. पुण्यात सिग्नलला तीस सेकंद जास्त लागले तर चिडणाऱ्या आम्ही दोघी तिथे गाडीच्या बॉनेटला टेकून निवांत उभ्या राहिलो, कारण करण्यासारखं काहीच नव्हतं. खाडीत पुलाचे खांब उभे आहेत, नुसते खांब. आणि तिथे, कुठलाही विषय नसताना, ती काकांबद्दल बोलायला लागली. शेवटचे महिने, हॉस्पिटल, आईचं आता कसं चाललंय, नोकरी सोडावी का. वर्षभर आम्ही फोनवर रोज बोलत होतो पण हे तिने कधीच बोललं नव्हतं. मी काही सल्ला दिला नाही, ऐकलं. बोट आली, लोखंडी रॅम्प दगडी उतारावर घसटत खाली आला, बाइकवाले सुटले, टेम्पो उतरला, मग खलाशाने हात करून आमची गाडी आत घेतली, अगदी कठड्याला चिकटून. पलीकडे पोचेपर्यंत ती बोलतच होती.

वेसवीवरून केळशी, तिथून आडे, पाडले करत आंजर्ल्याचा रस्ताही समुद्रालगत, सुरूच्या झाडांमधून. त्या दिवशी विनायकी होती म्हणून कड्यावरच्या गणपतीला गर्दी. उजव्या सोंडेची मूर्ती, आणि देवळाच्या आवारातून खाली बघितलं की समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव. हा चुकवू नका, मासे खात नसलात तरी. बोटी लांब उभ्या राहतात, तिथून मासळी बैलगाडीने किनाऱ्याला येते, बैल पोटापर्यंत पाण्यात. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, त्याभोवती कडं करून उभ्या कोळणी, आणि बोली इतक्या वेगाने चढते की आपल्याला आकडाही कळत नाही तोवर माल उचललेला असतो. नऊवारी, अंगावर सोनं, आवाज खणखणीत. सगळा व्यवहार बायकांच्या हातात. मैत्रीण मासे खाणारी, तिने सुरमई घेतली आणि जिथे राहिलो तिथल्या ताईंनी ती तव्यावर तळून दिली, मी सोलकढी आणि भातावर खूष होते.

दुसऱ्या दिवशी लाडघर, बुरोंडीवरून दाभोळ. पूर्वीचं केवढं मोठं बंदर हे, आदिलशाहीतली सुंदर मशीद अजून उभी आहे किनाऱ्यापासून जवळच. समोर वाशिष्ठीचं मुख आणि पलीकडे धोपावे. ही फेरी २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडीने गुहागरला जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वर फेरा होता, आता बोटीत पाच-दहा मिनिटं. बोटीत शाळेतली मुलं होती, दुधाचे कॅन होते, नवीन कपाट बांधलेला पिकअप होता, एक नवरा-नवरी पण होती मुंडावळ्यांची खूण कपाळावर असलेली.

दुपारी हेदवीला तिच्या मामीकडे. दारातूनच आवाज आला, "आलीस गो? किती वाळल्येस!" आणि मैत्रीण जी गळ्यात पडली ती पाच मिनिटं तशीच. मग मामीने आम्हाला बसवलं आणि कामाला लावलं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले, ते सोलायचे. वाल बोटांच्या चिमटीत धरून हलकेच दाबला की साल हातात राहतं आणि डाळिंबी टुणकन बाहेर येते. जास्त दाबला तर दोन तुकडे, आणि तुकडे झालेले मामीला चालत नाहीत. परातीभोवती तिघी बसून वाल सोलता सोलता दोन पिढ्यांच्या गोष्टी झाल्या. मग डाळिंब्यांची उसळ, कुळथाचं पिठलं, मऊ भात, आंबोशीचं लोणचं. दिवाळीचा फराळ वेगळा.

जेवताना मामीला म्हटलं आम्हाला बामणघळ बघायचीय. तिने बोटांवर मोजलं. "आज पंचमी ना? पाचाची पाऊणपट पावणेचार. साडेतीनला जा, भरती पूर्ण मिळेल." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, किनाऱ्यावर सगळ्यांना येतं हे गणित. साडेतीनला गेलो. कातळात एक अरुंद लांब चीर आहे, भरतीचं पाणी त्यात घुसतं, पुढे जागा नाही म्हणून वर उसळतं, डोक्याच्या कितीतरी वर. आधी आतून घुमल्यासारखा आवाज येतो, मग पाणी. चिरेच्या कडेला मात्र जाऊ नका, ओला कातळ भयंकर निसरडा असतो.

रात्री मामीपाशी मी जरा हळहळून म्हटलं की या खाड्यांवर पूल होणार म्हणे, मग बोटी जातील. ती म्हणाली, "होऊ देत गं लवकर. रात्रीची शेवटची बोट गेली की आम्ही इकडचे इकडेच. कुणाचं दुखलं-खुपलं, बाळंतीण अडली, तर काय सकाळची वाट बघायची?" याच्यावर मला बोलायला काही नव्हतं. तिचं बरोबर आहे, पूल हवेतच. मला एवढंच वाटतं की जेट्टीवर उभं राहून मिळालेला तो वेळ आम्हाला पुलावर मिळाला नसता, आणि ज्यांना अजून हा प्रवास करता येतोय त्यांनी तो करून घ्यावा.

तिसरी खाडी तवसाळ-जयगड, शास्त्री नदीची. तिथून मालगुंड, गणपतीपुळे, आणि मग आरे-वारे. रस्ता टेकडीवर चढतो आणि एकदम दोन्ही पुळणी पायाखाली दिसतात, लांबच लांब. मैत्रिणीने गाडी कडेला घेतली, उतरली, आणि चावी माझ्या हातात दिली. "आता तू चालव, मला बघायचंय." मग रत्नागिरीपर्यंत मी चालवली.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पेट्रोल मोठ्या गावात दिसेल तिथे भरा, रोख पैसे ठेवा कारण रेंज मध्येच गायब होते, फेरीच्या वेळा आदल्या दिवशी गावात विचारा, आणि जेवणाचं सकाळीच फोन करून सांगा, घरगुती खाणावळीत आयत्या वेळी मिळत नाही. घाई असेल तर हायवेने जा. परत येताना आम्ही आंबा घाटाने कोल्हापूरवरून आलो, आणि मलकापूरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हाच तिने मॅप उघडून पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड असं बोट फिरवत रेडीपर्यंत नेलं. माघात जायचं ठरलंय, यावेळी तिची आई पण येतेय.