एम ३५ वरचा डिप गेला, पण फटाक्यांनी घड्याळ दिलं

नेपच्यूनपलीकडचा एखादा छोटा दगड ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड क्षणभर घटतो, तो डिप. एम ३५ या तारकागुच्छातल्या अशाच ज्या डिपबद्दल मागच्या वेळी इतकं भरभरून लिहिलं तो आज रद्द करतोय, जीव तुटतोय पण इलाज नाही. ११ मॅग्निट्यूडचा म्हणजे दुर्बिणीतूनच दिसणारा अंधुक तारा, चार फ्रेम, ३० टक्के उजेड कमी, आणि माझ्या आणि भाऊंच्या, दोन्ही गच्च्यांवरच्या आठ इंची दुर्बिणीत दिसलेला! फक्त भाऊंच्या गच्चीवर नऊ फ्रेम उशिरा. सेकंदाला २० फ्रेमने हे झाले ०.४५ सेकंद. आता नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यातल्या दगडाची सावली ऑपोझिशनजवळ (दगड सूर्याच्या विरुद्ध दिशेला असताना) सेकंदाला २५ किमीने पळते, आमच्या मधले ६० मीटर तिला अडीच मिलिसेकंदांचे, म्हणजे डिप एकाच फ्रेममध्ये हवा, फार तर शेजारच्या.

संशय घड्याळावर. दोन्ही लॅपटॉप नेटवरून सिंक होते, पण टाइमस्टॅम्प पडतो फ्रेम लॅपटॉपला पोचल्यावर, आणि मधे यूएसबी हब असला की बफरमध्ये ती किती रेंगाळली कळतच नाही (हब नकोच, थेट पोर्टला लावा). चार रात्री हेच उकरून राहिलो.

मग बॅकग्राउंडचा, म्हणजे ताऱ्यामागच्या आकाशाच्या उजेडाचा, ग्राफ काढला आणि त्यात तीन उंच सुळके! त्या रात्री मागच्या लॉनवर लग्न होतं, आकाशात फुटणारे फटाके चालू होते, डिपच्या मिनिटभर आधीचेच. उजेड दोन्ही कॅमेऱ्यांत एकाच क्षणी पोचणार. तिन्ही सुळक्यांत फरक बरोब्बर सहा फ्रेमचा!! इतका आनंद दुर्बीण आली त्या दिवशीही झाला नव्हता.

पण नऊतून सहा गेले, तीन उरले. १५० मिलिसेकंद. सावली इतकी रेंगाळत नाही, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळं काहीतरी, बहुतेक हवेचाच खेळ, तेव्हा एम ३५ पुरता वरही आला नव्हता. मियाको बेटावरच्या जपानी टीमनेही याचसाठी २८ सेंमीच्या दोन दुर्बिणी लावल्या होत्या, २००० तारे, ६० तास, आणि हाती लागला १.३ किमी त्रिज्येचा एकच दगड (२०१९ चा पेपर).

नेमक्या वेळेसाठी जीपीएस मॉड्यूल मागवणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं, आपल्याला खरी वेळ कशाला हवी, दोन कॅमेऱ्यांमधला फरकच तर हवा! एकाच वायरवर दोन एलईडी, प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक, मिनिटाला एक फ्लॅश. सीताबर्डीहून ८० मीटर वायर आणतो. सध्या एम ३५ रात्री एकला जवळजवळ डोक्यावर येतो, शनिवारी तिथूनच सुरू करू.