हेप्टनस्टॉल: डोंगरावर मागे राहिलेलं विणकरांचं गाव

इंग्लंडच्या पश्चिम यॉर्कशरमधल्या हेब्डन ब्रिजहून हेप्टनस्टॉलला छोटी बस जाते. पायी जायचं तर 'बट्रेस' नावाची फरसबंदीची वाट आहे, अगदी उभ्या चढणीची. पाऊस पडून गेला असेल तर सिंहगडाचा सराव असणाऱ्यांनीही जपून पाय टाकावा. कापडाचे गठ्ठे लादलेले घोडे पूर्वी इथूनच ये-जा करायचे. १६४३ च्या नोव्हेंबरात, यादवी युद्धात, राजाचं सैन्य ही चढण चढू लागलं तेव्हा संसदेच्या बाजूच्या लोकांनी वरून धोंडे गडगडवले. हल्ला परतला खरा, पण जानेवारीत राजाची माणसं पुन्हा आली आणि गावातली घरं जाळून गेली.

खाली नदी असताना माणसं इतक्या वर राहिली कशाला? खोरं तेव्हा दलदलीचं आणि झाडीचं होतं, वाटा माथ्यावरून जायच्या. वर शेती जेमतेम, म्हणून घरोघरी लोकरीचे हातमाग. गावातल्या जुन्या घरांच्या वरच्या मजल्याकडे जरूर बघा. अरुंद खिडक्या एकमेकींना चिकटून ओळीने बसवल्यात, मध्ये फक्त दगडी दांडे. मागावर उजेड पडावा म्हणून ही सोय. बाकी भिंती काजळी धरलेल्या, काळ्या.

चर्चच्या आवारात दोन चर्चेस आहेत. जुनं तेराव्या शतकात सुरू झालेलं. १८४७ च्या वादळात त्याच्या मनोऱ्याची पडझड झाली आणि १८५४ मध्ये शेजारीच नवं उभं राहिलं. जुन्याच्या कमानी आता बिनछपराच्या उभ्या आहेत. भोवती थडग्यांच्या शिळा इतक्या दाटीने आडव्या बसवल्यात की त्यांच्यावरूनच चालावं लागतं. मला ते शेवटपर्यंत अवघड वाटत राहिलं.

बरेच जण इथे येतात ते पलीकडच्या दफनभूमीतली अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथची कबर बघायला. मी शोधत होतो डेव्हिड हार्टलीला. हा जवळच्या क्रॅग व्हेल खोऱ्यातल्या नाणेबहाद्दरांचा, म्हणजे खोटी नाणी पाडणाऱ्यांचा 'राजा'. सोन्याच्या खऱ्या नाण्यांच्या कडा कातरायच्या, नाणी पुन्हा चलनात सोडायची आणि जमलेलं सोनं वितळवून खोटी पोर्तुगीज नाणी पाडायची, असा त्याच्या टोळीचा उद्योग. परिसरातले कितीतरी विणकर-शेतकरी यात सामील होते. हार्टली पकडला गेला. त्याच्या मागावर असलेल्या विल्यम डायटन या अबकारी अधिकाऱ्याला टोळीने नोव्हेंबर १७६९ मध्ये हॅलिफॅक्सला गोळी घालून मारलं. एप्रिल १७७० मध्ये हार्टली यॉर्कला फासावर गेला. त्याच्या शिळेवर लोक अजून नाणी ठेवतात. मी वाकून पाहिलं: सगळ्यांच्या कडा शाबूत होत्या.

इथे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचं १७६४ चं अष्टकोनी चॅपलही आहे. त्याचं छप्पर रॉदरहॅमला तयार करून घोड्यांवरून आणल्याचं सांगतात.

पुढे पाण्यावर आणि मग वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या, कालवा आणि रेल्वे खोऱ्यातून गेली, आणि काम डोंगर उतरलं. खाली हेब्डन ब्रिजला सपाट जागा कमी पडली, म्हणून घरावर घर चढवलं: खालच्या बिऱ्हाडाचं दार उताराच्या बाजूला, वरच्याचं चढाच्या. वरच्या गावात मात्र जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसा कुणाकडे उरला नसावा. आज आपण ज्याला वारसा म्हणतो, तो बराचसा या ओढग्रस्तीनेच राखला, असं मला वाटतं.

जमलं तर गुड फ्रायडेला जा. वीव्हर्स स्क्वेअरमध्ये 'पेस एग' नावाचं लोकनाट्य होतं. त्यात सेंट जॉर्ज तलवार चालवतो आणि डॉक्टर मेलेल्याला उठवतो. गर्दी मरणाची असते, तेव्हा लवकर पोहोचा.