तिरक्या उजेडातली भिंत

घर विकायला काढलं की लोकांना दाखवण्याआधी ते नीट करून देणं, हे माझं काम. त्यातला माझा हातखंडा म्हणजे दिवे.

त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चार बल्ब होते आणि चौघांची चार तोंडं. एक पिवळा, दोन पांढरे, चौथा निळसर. "जो गेला तो बदलला, हाताला लागला तो लावला," काकू म्हणाल्या. बहुतेक घरांत हेच असतं. आपल्या डोळ्यांना त्याची सवय होते, कॅमेऱ्याला होत नाही. मोबाइलवर फोटो काढून दाखवला, तर सोफा हळद लावल्यासारखा आणि मागची भिंत निळी. काकूंना आपलंच घर ओळखू येईना.

६५०० केल्विनचे बल्ब मी आधी उतरवले. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये सगळे २७०० चे, ओट्यावर तेवढे ४००० चे. शेड पुसल्या. वरचा थर निघाला तसा उजेड एकदम मोकळा झाला, फुकटात. मग कोपऱ्यांकडे वळलो. छताच्या मधोमध कितीही मोठा दिवा लावा, कोपरे काळे राहतात आणि खोली आक्रसते. उजेड भिंतीवर पडला की तीच खोली ऐसपैस वाटते. म्हणून ८०० लुमेनचा (लुमेन म्हणजे बल्ब किती उजेड देतो त्याचं माप) बल्ब घालून एक उभा दिवा सोफ्यामागच्या कोपऱ्यात, भिंतीला अगदी चिकटून ठेवला आणि बटण दाबलं.

भिंतीवर सावल्या उमटल्या. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंग फुगला होता, फोड आल्यासारखा. छतावरचा उजेड समोरून पडायचा, त्यात काहीच दिसत नव्हतं. दिवा भिंतीलगत आला, उजेड तिरका घासत गेला आणि प्रत्येक फुगवट्याची सावली पडली. बोटाने दाबलं, तर पोपडा आत गेला. गार, ओलसर. भिंतीपलीकडे बाथरूम.

एजंट मागेच उभा होता. "दिवा जरा पुढे घ्या ना," तो हळूच म्हणाला. खोटं कशाला बोलू, माझा हात आधीच दिव्याच्या दांड्यावर गेला होता. दीड हात पुढे ओढला. भिंत पुन्हा गुळगुळीत. इतकं सोपं होतं, म्हणूनच अंगावर काटा आला. दिवा परत मागे सरकवला आणि काकूंना हाक मारली.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षीच रंग काढला होता हो." आवाजात राग कमी, शरम जास्त. शरमेचं खरं तर काही नव्हतं.

फोटो पुढे ढकलले. एजंट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बाथरूममधल्या पाइपचा सांधा गळत होता. तो बदलला, भिंत वाळू दिली (यात घाई केली की ओल रंगाखाली कोंडते), मग पुट्टी झाली. रंगारी म्हणाला, "झालं, बघा." मी काही न बोलता तोच दिवा भिंतीला चिकटवून लावला. त्याने वाकून पाहिलं, मान तिरकी केली, स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि पॉलिश पेपर घेऊन पुन्हा खाली बसला.

"दिवा असाच राहू द्या," एवढंच म्हणाला.